धाकटीची पन्नासची लेन्स

घरात तिला थोरली म्हणत आणि बाहेर फोटोवाल्या बाई. घराच्या पुढच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. तो सासऱ्यांनी सुरू केलेला. त्यांच्या दोन मुलांपैकी एकालाही कॅमेऱ्यात रस नव्हता. थोरला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चिकटला, धाकटा बँकेत. मग लग्न होऊन आलेल्या थोरल्या सुनेलाच सासऱ्यांनी दुसऱ्या महिन्यात दिव्यांसमोर उभं केलं आणि उजेड कसा बघायचा ते शिकवलं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. सासरे गेले, फिल्म गेली, डार्करूममध्ये इस्त्रीचं टेबल आलं, पण राखाडी पडदा, फिरतं स्टूल, छत्रीचे दोन दिवे, खिळ्याला टांगलेला आरसा आणि त्याला दोरीने बांधलेला कंगवा, सगळं जिथल्या तिथे होतं. शिवाय एक काळा कोट होता. आसपासच्या निम्म्या पुरुषांनी तो फोटोपुरता अंगावर चढवलेला होता.

गल्लीत कोणी नवा फोन घेतला तरी आधी थोरलीला आणून दाखवी. "बाई, कॅमेरा बरा आहे का याचा?" ती तो उलटसुलट करून बघे, खिडकीकडे धरून एक फोटो काढे आणि म्हणे, "चालेल." तिने चालेल म्हटलं की माणूस निवांत मनाने घरी जाई. या एका शब्दाला असलेली किंमत थोरलीला पुरेपूर ठाऊक होती.

तिची झूम लेन्स पाण्याच्या बाटलीएवढी होती. लांबचं, जवळचं, सगळं त्या एकीतच. शाळांचे वर्गाचे फोटो असोत की हॉलमधले समारंभ, ती एका जागी पाय रोवून उभी राही आणि लेन्सची कडी फिरवून माणसांना जवळ आणी. घरी आल्यावर लेन्स पुसून कपाटात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या शेजारी. नवऱ्यालासुद्धा तिला हात लावायची मुभा नव्हती.

धाकटी जाऊ तीन वर्षांपूर्वी घरात आली. ती मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तपासणीसाठी रक्त काढायचं काम करी. सुई कधी टोचली ते कळलंच नाही, असं लोक तिच्याबद्दल सांगत. बोले कमी, हसे फार. आल्यापासून सहा महिन्यांत तिने सासूबाईंना असं काही आपलंसं केलं, की थोरली बघतच राहिली. सासूबाई कामासाठी थोरलीला हाक मारत आणि गप्पांसाठी धाकटीला. यात भांडायला काही जागा नव्हती. थोरलीही कधी भांडली नाही. पण स्वयंपाकघरातून दोघींचं हसणं ऐकू आलं की दुकानात बसलेल्या थोरलीच्या हातातला माउस उगीचच थांबे.

मग धाकटीला कॅमेरा मिळाला. तिच्या एका सहकाऱ्याने नवा घेतला आणि जुना, सोबतच्या साध्या लेन्ससकट, तिला दिला. ती तो घेऊन थेट थोरलीकडे आली. "ताई, मला शिकवाल?"

थोरलीला मनापासून आनंद झाला. रविवारी दुपारची जेवणं आटोपली की दोघी स्टुडिओत बसत. धाकटी वहीत सगळं लिहून घेई. दोघींचे कॅमेरे एकाच कंपनीचे निघाले, त्यामुळे बटणंही एकाच जागी. ते चार महिने थोरलीला फार सुखाचे गेले. घरात पहिल्यांदाच कोणीतरी तिला कामाखेरीज काही विचारत होतं, आणि ती सांगेल ते कान देऊन ऐकत होतं.

एका रविवारी धाकटीने विचारलं, "ताई, घरातले फोटो काळे का येतात? फ्लॅश लावला तर माणसं पिठात बुडवल्यासारखी दिसतात."

"तुझी लेन्स उजेड कमी घेते. तिचं भोकच लहान."

"म्हणूनच मी म्हणत होते, ती छोटी पन्नासची लेन्स मिळते ना, एक पॉइंट आठवाली, मोठ्या भोकाची? नवशिक्यांनी पहिली हीच घ्यावी, असं सगळीकडे वाचते मी. स्वस्त पण आहे. घेऊ का?"

थोरलीने चष्मा काढून पदराने पुसला. "हे बघ, ती पुढेमागे होत नाही. झूम नाहीच तिला. आपल्या घरात पन्नास लावलीस तर माणूस बसवायला मागे जागा कुठे आहे? भिंतीत जाऊन उभी राहणार आहेस? शिवाय प्लास्टिकची. कुरकुर करत फोकस करते. आणि तिचं भोक पूर्ण उघडलं की फोटोत नाक स्वच्छ आणि कान गायब. नवशिक्याच्या हातात तर दहातले सहा फोटो वाया."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं एवढंच होतं, की ही लेन्स थोरलीने स्वतः कधी वापरलेली नव्हती. स्टुडिओत दिव्यांची कमी नव्हती, तेव्हा तशी गरजच पडली नव्हती. पण तिला विचारलं होतं, आणि विचारलं की तिला उत्तर असायलाच हवं होतं.

"मग नको म्हणता?"

"खेळणं आहे ते. त्यापेक्षा थांब थोडी, पुढे चांगली झूम घे."

धाकटी दीड महिना थांबली. मग एका संध्याकाळी ती बेकरीतून बिस्किटांचा पुडा आणावा तसं एक लहानसं खोकं घेऊन आली. "ताई, तुम्ही म्हणालात ते सगळं पटलं मला. पण काळोख काही जाईना. म्हटलं, बघू तरी."

थोरली हसली. "बरं केलंस," म्हणाली. त्या रविवारी मात्र तिने डोकं दुखतंय असं सांगून शिकवणी टाळली.

पाच दिवसांनी तो फोटो आला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून मटार सोलत होत्या. बाहेर आभाळ भरून आलेलं, खिडकीतून येणारा उजेड मऊ. थोरली म्हणाली होती तेच झालं होतं: स्वयंपाकघरात मागे जायला जागाच नव्हती. म्हणून धाकटी दाराबाहेर, पॅसेजमध्ये, कपड्यांच्या कपाटाला पाठ टेकून उभी राहिली होती. आणि ती तिकडे लांब उभी आहे म्हटल्यावर सासूबाई तिला विसरून गेल्या होत्या. एक मटार बोटांतून निसटून उडाला, तो गालावर लागला, आणि त्या तोंडाला हात न लावता, पुढचे दोन पडलेले दात दाखवत मनमोकळं हसल्या. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसत होती आणि मागची भांडी, डबे, शेगडी सगळं धुक्यात विरघळल्यासारखं झालं होतं.

धाकटीने तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. नणंदेचा लगेच फोन. "वहिनी, आईचा फोटो बघितलास? अगं, रडूच आलं मला! तूच काढलास ना?"

"नाही. धाकटीने."

"हो का? मला वाटलं, तूच." एवढं बोलून नणंदेने फोन धाकटीकडे द्यायला सांगितला.

रात्रीच्या जेवणाला थोरलीच्या नवऱ्याने ताटावरून मान वर करून म्हटलं, "एवढ्याशा लेन्सने असा फोटो येतो, मग तू ते गाडगं कशाला वागवतेस?" तो बिचारा मस्करीत म्हणाला. थोरलीने समोर बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं. या बाईचे तिने बावीस वर्षांत काही नाही तरी शंभर फोटो काढले होते. ओळखपत्राचे, पेन्शनीचे, नातवंडांबरोबरचे. शंभरही फोटोंत सासूबाई कोर्टात साक्ष द्यायला उभ्या राहाव्यात तशा ताठ. थोरलीला वाटे, बाईचा चेहराच तसा. आता कळलं की चेहरा तसा नव्हता. तो फक्त तिच्यापुरता तसा होता.

सासूबाईंनी फोटो मोठा करून मागितला. छापायचं काम अर्थातच थोरलीकडे. तिने तो नीट, चांगल्या कागदावर छापला. कामात खोट ठेवायची तिला सवय नव्हती. मग सासूबाई म्हणाल्या, "घरात कोण बघतंय? दुकानाच्या काचेत लाव. लोकांना कळू दे, मी अजून हसते."

काचेत फोटो लागला आणि थोरलीची शांती गेली. येणारा प्रत्येक माणूस आधी तिथे थांबे. शिलाई मशिनचा दुकानदार म्हणाला, "बाई, आमच्या आईचा असा काढून द्या." एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हात फार सुरेख बसलाय हो तुमचा या फोटोत." थोरलीने तोंड उघडलं. माझ्या जावेनं काढलाय, एवढंच तर सांगायचं होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "बसा ना. चहा घेणार?" बाई गेल्यावर तिने काच ओल्या फडक्याने पुसली. पुसता पुसता तिच्या मनात आलं, की उन्हाने हा कागद लवकर पिवळा पडला तर बरं.

आता तिला धाकटीचं सगळंच खुपू लागलं. इस्पितळातून येताना तिचं गुणगुणणं, कॅमेरा खांद्याला अडकवून गच्चीवर जाणं, आणि सगळ्यात जास्त, पूर्वीसारखंच प्रत्येक फोटो घेऊन "ताई, कसा झालाय?" म्हणत येणं. थोरली चूक शोधे. क्षितिज वाकडं आहे, हात कापलाय, फोकस भुवईवर गेलाय. धाकटी मान डोलावून वहीत लिहून घेई, आणि पुढच्या फोटोत ती चूक नसे. थोरलीला वाटू लागलं, की आपण आपल्याच हाताने हिला धार लावतोय.

एका सोमवारी सकाळी धाकटी कामावर जायच्या घाईत दुकानात आली. चेहरा उतरलेला. "ताई, बघा ना, फोकसच होत नाही. सगळं धूसर. काल पिशवीतून काढल्यापासून असंच आहे. बिघडली का हो?"

थोरलीने लेन्स हातात घेतली. घेताक्षणीच तिला दिसलं. लेन्सच्या अंगावर एक बारीक खटका असतो. वर असला की कॅमेरा आपोआप फोकस करतो, खाली असला की हाताने करावा लागतो. पिशवीत घासून तो खाली सरकला होता. नखाने वर ढकलला की काम झालं.

"मोटर गेलेली दिसते," थोरली म्हणाली. "म्हटलं नव्हतं तुला? या स्वस्तातल्या लेन्सचं असंच. ठेव इथे. माझ्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवते."

"किती दिवस लागतील?"

"आता ते काय सांगावं. आठ, पंधरा."

धाकटी बस गाठायला पळाली. थोरली दुकानात एकटी उरली. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. थोडं वाटलंही. मग तिने लेन्स पिवळ्या फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात सारली आणि खणाला कुलूप घातलं. त्या खणाला तिने आजवर कधी कुलूप घातलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून तिने ती बाहेर काढली. खटका वर केला, आपल्या कॅमेऱ्याला लावली. कॅमेरा एकदम इतका हलका झाला, की तिला काहीतरी विसरल्यासारखं वाटलं. तिने दिवे न लावता, नुसत्या दारातल्या उजेडात, जेवून पेंगणाऱ्या नवऱ्याचे फोटो काढले. पहिल्यात नाकाचा शेंडा स्वच्छ, डोळे पुसट. दुसऱ्यात कान. सवयीने तिचा डावा हात लेन्सची कडी फिरवायला जाई, आणि माणूस काही जवळ येईना. जवळ जायचं तर उठून जावं लागे. ती उठली, नवऱ्याच्या खुर्चीपासून दोन पावलांवर जाऊन उभी राहिली. बारावा फोटो बरा आला. तेराव्यात नवरा तिला असा दिसला जसा तिने त्याला कित्येक वर्षांत बघितला नव्हता, थकलेला आणि चांगला. लेन्स उत्तम होती. खेळणं नव्हती. थोरलीने चडफडत ती परत फडक्यात गुंडाळली. वाईट निघाली असती तर मनाला निदान टेकायला जागा मिळाली असती.

त्याच आठवड्यात धाकटी संध्याकाळी तिच्यापाशी येऊन बसली. "ताई, एक काम आहे. आमच्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग आहे ना, तिथल्या मुख्य परिचारिका माझ्या मैत्रीण आहेत. एक बाळ पाच आठवडे काचेच्या पेटीत आहे. येत्या बुधवारी त्याला पहिल्यांदा आईच्या छातीवर देणार. आईची फार इच्छा आहे की फोटो असावा. मला काढायला सांगितलं होतं. पण तिथे फ्लॅश चालत नाही, आणि माझी लेन्स तर दुरुस्तीला. तुम्ही याल?"

त्याच क्षणी थोरलीला खण उघडता आला असता. कालच आली बघ दुरुस्त होऊन, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिच्या जिभेवर ते आलंही. पण धाकटी तिच्याकडे किती विश्वासाने बघत होती, आणि ते बघणं किती दिवसांनी फक्त तिच्या वाट्याला आलं होतं! "येईन की," ती म्हणाली. "त्यात काय."

बुधवारी सकाळी तिने पिशवी भरली. मोठी लेन्स, दोन बॅटऱ्या, कार्ड. मग खण उघडून पिवळं फडकंही बाजूच्या कप्प्यात टाकलं. का टाकलं, ते तिला आजही नीट सांगता येत नाही.

विभागाच्या दाराशी दोघींनी कोपरापर्यंत हात धुतले, अंगरखे चढवले. आत बाळांसाठी उजेड मंद ठेवलेला, पडदे ओढलेले. मुख्य परिचारिकांनी हळू आवाजात सांगितलं, "दहा मिनिटं. फ्लॅश नाही. कॅमेऱ्याचा तो लाल दिवाही नको. बाळ दमलं तर लगेच परत ठेवणार."

आई आरामखुर्चीत बसली होती, तिशीच्या आतली, केस घट्ट बांधलेले. परिचारिकांनी नळ्या सांभाळत बाळ उचललं आणि तिच्या छातीवर ठेवलं. ते तळव्यात मावेल एवढं होतं. आईने श्वास रोखून धरला. काचेपलीकडे बाप उभा होता. त्याने दोन्ही हात काचेला लावले होते.

थोरलीने मोठी लेन्स रोखली. काळोख. तिने उजेडाचे आकडे चढवले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र आलं ते वाळू सांडल्यासारखं खरखरीत. शटरचा वेग कमी केला. आईच्या श्वासाबरोबर बाळ वरखाली होई आणि फोटोत बाळाऐवजी गुलाबी डाग उमटे. तिने श्वास आवरून दहा फोटो काढले. दहाही हललेले. कपाळावर घाम आला. बावीस वर्षांत ती इतकी अडली नव्हती.

"ताई, येतंय ना?" धाकटीने कानाशी विचारलं.

भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली होती. आईने मान खाली केली आणि बाळाच्या टोपीला ओठ टेकवले. थोरलीने तो फोटोही काढला, आणि तोही हलला.

ती खाली बसली. पिशवीचा बाजूचा कप्पा उघडून पिवळं फडकं काढलं. धाकटीने आधी फडकं बघितलं, मग त्यातली लेन्स, आणि मग थोरलीचं नख, जे तिला नीट दाखवून द्यावं इतक्या हळू त्या बारीक खटक्यावरून फिरलं. खटका वरच होता. गेल्या आठवड्यात तिनेच केलेला. तरी तिने तो दाखवला.

"ही घे," ती म्हणाली. "बिघडली नव्हती. हा एवढा खटका सरकला होता फक्त."

धाकटीच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते थोरलीने बघितलं नाही. तिने मान वरच केली नाही. तिच्या हातातून लेन्स घेतली गेली. धाकटीच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला ती लागल्याचा टक असा आवाज आला. धाकटी पुढे सरकली, आईच्या गुडघ्यांपाशी खाली बसली. इवल्याशा नसेत सुई घालणारे ते हात. ते हलले नाहीत.

थोरलीला आता काही काम नव्हतं. ती उभी राहिली आणि सवयीने उजेडाकडे बघू लागली. उजेड समोरून येत होता, चपटा. ती परिचारिकेजवळ गेली. "तो बाजूचा पडदा वीतभर सरकवला तर चालेल का?" परिचारिकेने पेट्यांकडे बघून होकार दिला. थोरलीने पडदा धरला, वीतभर मागे घेतला, आणि दहा मिनिटं संपेपर्यंत तसाच धरून उभी राहिली.

परतीच्या बसमध्ये धाकटी पुढच्या बाकावर बसली आणि थोरली मागच्या. घराच्या कोपऱ्यावर उतरल्यावर धाकटी थांबली.

"तुम्हाला त्या सोमवारीच दिसलं होतं?"

"हो."

"मी रोज विचारत होते तुम्हाला, आली का म्हणून."

"हो."

"का पण, ताई?"

थोरलीने बरीच उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. "हेवा वाटला," ती म्हणाली. "आईंच्या फोटोपासून. त्याच्याही आधीपासून."

धाकटीचे डोळे भरून आले, पण आवाज कडक राहिला. "आज तो फोटो गेला असता. ती दहा मिनिटं त्या बाईला परत मिळाली नसती." एवढं बोलून ती घरात निघून गेली.

तिने हे कोणालाही सांगितलं नाही. ना नवऱ्याला, ना सासूबाईंना. सांगितलं असतं, घरात चार दिवस वादळ झालं असतं, तर थोरलीला सोपं गेलं असतं. धाकटी जेवायला वाढी, भाजी लागेल का विचारी, पण ताई म्हणणं बंद झालं. कॅमेऱ्याची पिशवी स्टुडिओतल्या कपाटातून तिच्या खोलीत गेली. वही घेऊन ती पुन्हा आली नाही.

फोटो छापायला मात्र परिचारिकांनी दुकानातच पाठवला. बाळाची तीन बोटं आईच्या गळ्याच्या हाडावर टेकलेली, नखांसकट स्वच्छ. आईचे मिटलेले डोळे त्याहून किंचित मऊ. बाकी सगळं विरलेलं. पडद्याकडून आलेला उजेड गालावरून हनुवटीपर्यंत उतरला होता. थोरलीने तो संगणकावर मोठा करून इंच इंच तपासला. वरच्या डाव्या कोपऱ्यात पडद्याच्या फटीची एक पांढरी रेघ आली होती. ती रेघ सापडल्याचा तिला आनंद झाला. तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच ती रेघ पुसली, फोटो छापला आणि पाकिटावर धाकटीचं नाव लिहिलं.

त्यानंतर काचेतल्या फोटोबद्दल कोणी विचारलं की ती सांगू लागली, "माझ्या जावेनं काढलाय." पहिल्यांदा सांगताना ती काच पुसत राहिली. पुढे सवय झाली. नवा कॅमेरा घेतलेला एक हिशेबनीस ती पन्नासची लेन्स घ्यावी का विचारायला आला, तेव्हा ती म्हणाली, "घ्या. प्लास्टिकची आहे, आवाज करते, छोट्या खोलीत अडचण होते. सुरुवातीला निम्मे फोटो वाया जातील. पण अंधाराला घाबरायचं कारण राहत नाही, आणि माणसाजवळ चालत जायची सवय लागते. ती दुसऱ्या कुठल्या लेन्सने लागत नाही." हिशेबनीसाने ते लिहून घेतलं.

आणि एकदा सासूबाईंच्या पायाला तेल चोळताना तिने विचारलं, "आई, माझ्या एकाही फोटोत तुम्ही हसला नाहीत. असं का हो?"

सासूबाईंना प्रश्नाचं नवलच वाटलं. "तू हनुवटी खाली घ्या म्हणतेस ना? मग मी हनुवटी सांभाळत बसते. हसायचं कधी?"

वर्षभराने धाकट्या दिराची बदली झाली. धाकटी जाताना सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली; थोरलीच्याही पडली, आणि कानाशी हळूच "ताई" म्हणाली. टेम्पो वळणाआड गेल्यावर थोरलीला आधी रडू आलं आणि मग सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं.

सासूबाई रोज दुपारी धाकटीशी फोनवर बोलत. थोरली भांडी विसळताना ते हसणं ऐके. अजूनही छातीत बारीक कळ येई, पण आता ती कुठून येते हे तिला माहीत होतं.

एका दुपारी सासूबाईंनी फोन तिच्यापुढे केला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

"ताई, अडलेय," धाकटी म्हणाली. "इथल्या इस्पितळाचा साठ जणांचा एकत्र फोटो काढायला मलाच सांगितलंय. मोठा हॉल, तीन रांगा. माझी पन्नास एक पॉइंट आठवर उघडली तर पहिली रांग येते, तिसरी धूसर. दिवे भाड्याने मिळतील, पण मला दिव्यांतलं काही कळत नाही."

थोरलीने हात कोरडे केले आणि खुर्ची ओढून बसली. लेन्सचं भोक आठच्या आकड्यापर्यंत बारीक कर, ती म्हणाली, म्हणजे तिन्ही रांगा स्वच्छ येतील. उघडण्यातच सगळं नाही. दिवे दोन्ही टोकांना, छत्र्या लावून. उंच माणसं मध्ये. मोजून तीन नाही, पाच फोटो काढ, कारण साठांत दोघं तरी डोळे मिटतातच. धाकटी मध्येच म्हणाली, "थांबा, लिहून घेते." पाऊण तास गेला. थोरलीला कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हिला न येणारं आपल्याला येतं, हे त्या बरं वाटण्यात होतंच. ते तिने स्वतःपासून लपवलं नाही.

फोन ठेवून ती परत भांड्यांकडे गेली. दोन ताटल्या विसळल्या आणि थांबली. एक गोष्ट तिने सांगितली नव्हती. विसरली नव्हती, ओठांपर्यंत आली होती आणि तिने ती आत ठेवली होती. इतकी छोटी, की कोणाला कधी कळलंही नसतं.

तिने ओल्याच हाताने फोन लावला.

"अगं, मी बोलतेय. चष्मेवाले किती आहेत?"

"डॉक्टर आहेत ना सगळे, निम्मे तरी असतील. का हो?"

"मग दिवे माणसांच्या डोक्यापेक्षा चांगले दोन हात वर ने. नाहीतर प्रत्येक काचेत छत्री दिसेल. आणि हनुवटी खाली घ्या असं कोणालाही म्हणू नकोस."